डार्विनचे मुके सोबती

इंग्लंडच्या पश्चिम भागात सेव्हर्न नदीच्या काठी श्रूझबरी नावाचे एक जुने गाव आहे. गावालगतच्या उंचवट्यावर तांबड्या विटांचे एक प्रशस्त घर असून त्याच्या बागेखालून नदी वाहते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या घरात रॉबर्ट डार्विन नावाचे एक नामांकित डॉक्टर राहत असत. १८०९ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या १२ तारखेस त्यांच्या घरी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव चार्लस.

हाच चार्लस डार्विन पुढे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाला. पृथ्वीवरील प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या जाती आरंभापासून आज आहेत तशाच नव्हत्या. त्या हळूहळू बदलत आल्या आणि एका जातीपासून दुसऱ्या जाती निपजल्या, हा विचार त्याने पुराव्यांनिशी मांडला. त्याच्या या कार्याची हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. परंतु लहानपणापासून अखेरच्या दिवसापर्यंत त्याच्या पायांत कोणते ना कोणते कुत्रे घोटाळत असे, आणि त्या मुक्या सोबत्यांनीही त्याच्या शास्त्राला हातभार लावला, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

चार्लस आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. थोरल्या बहिणींनी त्याला वाढविले. शिंपले, दगड, पक्ष्यांची अंडी, भुंगे, जे सापडेल ते गोळा करावे आणि एकट्याने दूरवर भटकावे, हा त्याचा छंद. कुत्र्यांचे तर त्याला विलक्षण वेड होते. घरची कुत्री होतीच. पण दुसऱ्यांच्या कुत्र्यांनाही तो असा काही लळा लावी, की ती आपल्या धन्याला सोडून याच्याच मागे फिरत. आपल्या मनातील माया त्यांना न सांगता कळते, असे त्याला तेव्हापासून वाटत असे.

याच वयात त्याच्या हातून एक गोष्ट घडली. एकदा त्याने एका कुत्र्याच्या पिल्लाला मारले. त्या पिल्लाने काही आगळीक केली नव्हती. आपल्या अंगी जोर आहे आणि समोरचा जीव दुबळा आहे, एवढ्याच कैफात त्याने हात उगारला. मार फार लागला नसावा, कारण पिल्लू केकाटले नाही. परंतु ही गोष्ट चार्लसच्या मनाला जी लागली, ती कायमची. साठी उलटल्यावर त्याने आपल्या मुलांसाठी आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्यात हा प्रसंग त्याने लपविला नाही. ती जागा नेमकी कोणती, हेही त्याला तेव्हा आठवत होते.

शाळेत त्याचे मन रमेना. ग्रीक आणि लॅटिन कवितांची घोकंपट्टी हेच तेथील मुख्य शिक्षण, आणि त्यात चार्लस बेताचाच होता. बंदूक, कुत्री आणि उंदीर पकडणे यांपलीकडे या मुलाला काही सुचत नाही, हा घराण्याला बट्टा लावणार, असे म्हणून वडील एकदा त्याच्यावर फार रागावले. त्याने डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी १८२५ साली त्याला एडिंबरोस पाठविले. तेथे त्याने दोन शस्त्रक्रिया पाहिल्या. त्यांपैकी एक तर लहान मुलावर होती. रोग्याला भूल देण्याची कला तेव्हा अवगत नव्हती. ते हाल त्याला पाहवेनात. शस्त्रक्रिया संपण्यापूर्वीच तो तेथून पळाला आणि पुन्हा त्या दालनात त्याने पाऊल टाकले नाही. डॉक्टर होणे राहिले. मग धर्मोपदेशक होण्यासाठी म्हणून तो केंब्रिजला गेला, आणि तेथे त्याने भुंगे गोळा करण्यात तीन वर्षे मोठ्या आनंदात घालविली.

त्याच्या आयुष्याला खरे वळण लागले ते १८३१ साली. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करण्यास निघालेल्या 'बीगल' नावाच्या जहाजावर सृष्टिअभ्यासक म्हणून त्याला जागा मिळाली. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाजाने इंग्लंडचा किनारा सोडला. हा प्रवास पुढे जवळजवळ पाच वर्षे चालला.

या प्रवासात डार्विनने ज्वालामुखी पाहिले, भूकंप अनुभवला, नामशेष झालेल्या प्रचंड प्राण्यांची हाडे खणून काढली. परंतु १८३३ साली आजच्या उरुग्वे देशातील माळरानावर त्याने जे कुत्रे पाहिले, त्यांचे वर्णनही त्याने आपल्या प्रवासवृत्तात मोठ्या आवडीने केले आहे. त्या भागात मेंढरांचे मोठमोठे कळप माणसांच्या वस्तीपासून काही मैलांवर चरत असत. त्यांच्याजवळ मेंढपाळ नसे; एकदोन कुत्रे असत. कुत्र्याच्या जबड्यात असहाय मेंढरू सोपवावे आणि त्याने त्याची राखण करावी, हे घडते कसे, याचे डार्विनला नवल वाटले. त्याने चौकशी केली. पिल्लू अगदी लहान असतानाच त्याला आईपासून वेगळे करीत. दिवसातून तीनचार वेळा एखादी मेंढी धरून तिचे दूध त्याला पाजीत. मेंढवाड्यातच लोकरीचे अंथरूण घालून त्याला निजवीत. दुसऱ्या कुत्र्यांशी किंवा घरातील मुलांशी त्याला खेळू देत नसत. अशा रीतीने वाढलेल्या कुत्र्याला मेंढरे हेच आपले गणगोत वाटे.

हा कुत्रा दिवसातून एकदा मांसाचा तुकडा नेण्यासाठी मालकाच्या घरी येई आणि तुकडा मिळताच ओशाळल्यासारखा अंग चोरून परत फिरे. घरची कुत्री त्याला तेवढ्यात गाठून त्याची पाठ धरीत. पण एकदा का तो आपल्या कळपापाशी पोहोचला, की गर्रकन मागे वळून भुंकू लागे, आणि मग ती सारी कुत्री शेपूट घालून पळ काढीत. मघाचा भित्रा कुत्रा आता जणू एका टोळीचा नायक झालेला असे. कुत्र्याचे लक्ष आणि जीव कोणावर जडावा, हे त्याला बालपणी कोणाची संगत मिळाली यावर पुष्कळसे अवलंबून असते, हे डार्विनने त्या माळरानावर पाहिले. आपल्याकडे कुत्र्याचे पिल्लू माणसांच्या पायांत वाढते. मग त्याने आपल्या चेहऱ्याकडे सतत पाहत राहावे, यात नवल ते काय?

१८३६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात डार्विन घरी परतला. घरी एक तापट कुत्रा होता. परक्याला तो जवळ फिरकू देत नसे. आपली ओळख त्याला राहिली आहे काय, हे पाहण्याचे डार्विनने मुद्दाम ठरविले. त्यांची ताटातूट होऊन पाच वर्षे आणि दोन दिवस लोटले होते. ज्या तबेल्यात तो राहत असे त्याच्याजवळ जाऊन डार्विनने पूर्वीच्याच पद्धतीने त्याला हाक घातली. कुत्र्याने उड्या मारल्या नाहीत, आनंदाचा काही देखावाही केला नाही. तो मुकाट्याने बाहेर आला आणि धन्याच्या मागोमाग फिरावयास निघाला. मागची फेरी जणू अर्ध्या घटकेपूर्वी संपली असावी, अशा थाटात तो त्याच्या आज्ञा पाळू लागला. दुसऱ्या कोणी ही गोष्ट कौतुकाने चार लोकांना सांगून सोडून दिली असती. पण पाच वर्षे न ऐकलेली हाक ऐकताच त्या कुत्र्याच्या मनात काय काय जागे झाले असेल, याचा डार्विन विचार करीत राहिला.

या विचारामागे एक मोठा प्रश्न होता. माणूस निराळा आणि जनावर निराळे. बुद्धी, प्रेम, लाज, दुःख ही माणसाची मिरास. जनावरांना मन असे नाहीच, अशी त्या काळी अनेक विद्वानांची समजूत होती. सर चार्लस बेल या प्रख्यात शरीरशास्त्रज्ञाने तर असे प्रतिपादन केले होते, की माणसाच्या चेहऱ्यातील काही स्नायू केवळ भावना प्रकट करण्यासाठीच ईश्वराने त्याला दिले आहेत. माणूसही इतर प्राण्यांच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहे, असे डार्विनला आता वाटू लागले होते. ते खरे असेल, तर माणसाच्या भावनांची मुळे जनावरांतही सापडली पाहिजेत. हा विचार उघडपणे मांडणे त्या काळी सोपे नव्हते. म्हणून डार्विन वाद घालीत बसला नाही. तो पाहू लागला आणि वह्या भरू लागला.

१८३८ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्याने जेनी नावाची ओरांगउटान वानरी पाहिली. रखवालदार तिला सफरचंद दाखवी, पण देत नसे. तेव्हा ती हट्टी मुलाप्रमाणे जमिनीवर लोळण घेऊन पाय झाडू लागली. रडणे थांबविशील तर फळ मिळेल, असे त्याने सांगितल्यावर मोठ्या कष्टाने तिने आपले रडे आवरले आणि फळ मिळताच खुर्चीत बसून ते खाऊ लागली. पुढच्याच वर्षी डार्विनचे एमा वेजवुडशी लग्न झाले, आणि वर्षअखेरीस पहिला मुलगा विल्यम जन्मला. त्याच्या पाळण्याशीही बाप वही घेऊन बसू लागला. सहा महिन्यांच्या त्या बाळापुढे दाईने रडण्याचे सोंग केले, तर बाळाचा चेहरा तत्काळ कोमेजला. ज्याला अद्याप एक शब्द कळत नाही, त्याला दुसऱ्याचे दुःख मात्र मुद्रेवरून कळते, हे पाहून डार्विनने त्याचीही नोंद केली.

१८४२ साली डार्विन कुटुंब लंडनचा गजबजाट सोडून केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहावयास गेले. पुढची चाळीस वर्षे डार्विनचे सारे आयुष्य येथेच गेले. त्याची प्रकृती नेहमी तोळामासा असे. त्यामुळे दिनक्रम अगदी ठरलेला. दुपारच्या सुमारास तो फिरावयास निघे. आपल्या जमिनीच्या कडेने त्याने एक वाळू घातलेली पायवाट करवून घेतली होती. तिच्यावर तो ठरावीक फेऱ्या घाली, आणि बरोबर कुत्रा असे.

त्या काळात घरी बॉब नावाचा काळ्यापांढऱ्या रंगाचा एक मोठा कुत्रा होता. फिरावयास निघाले, की तो मान ताठ करून, कान थोडे उभारून, शेपूट वर धरून, पावले उचलून टाकीत मोठ्या रुबाबात धन्याच्या पुढे चाले. घरापासून थोड्याच अंतरावर उजव्या हाताला एक वाट फुटे. ती काचेच्या घराकडे जाई. थंडीपासून जपावयाच्या रोपांसाठी हे काचघर बांधले होते, आणि डार्विनचे वनस्पतींवरील प्रयोग तेथे चालत. जाता जाता तो काही क्षण तिकडे डोकावून येई. बॉबला मात्र हे मुळीच रुचत नसे. फेरी पुढे चालू राहणार की येथेच संपणार, हे त्याला कळेना. धन्याचे अंग त्या वाटेकडे किंचित वळले रे वळले, की बॉबचा सारा नूर पालटे. मान खाली जाई, अंग खचल्यासारखे होई, कान पडत, शेपूट एकदम लोंबू लागे आणि तो जागच्या जागी थबके. त्याची ती दीनवाणी मुद्रा पाहून घरातील मुले हसत. त्या मुद्रेला त्यांनी काचघरी चेहरा असे नावच ठेवले होते. 

डार्विन हसला असेलच, पण तेवढ्यावर थांबला नाही. कधी कधी काचघराकडे जावयाचे नसतानाही तो मुद्दाम त्या बाजूस थोडासा झुके आणि बॉबकडे पाही. प्रत्येक वेळी तोच परिणाम! तोंडातून शब्द नाही, हाताची खूण नाही. केवळ खांद्याचा आणि पावलाचा किंचित कल. तेवढ्यावरून त्या कुत्र्याने पुढचा सारा बेत ताडलेला असे. आपण काय करणार हे आपल्या अंगावरून दुसऱ्याला दिसते आहे, याची माणसाला बहुधा दखलही नसते. कुत्र्याची नजर मात्र नेमकी तेथेच खिळलेली असते.

आणखी एक प्रश्न डार्विनच्या मनात आला. बॉब ही दुःखी मुद्रा धन्याला दया यावी म्हणून मुद्दाम करीत होता काय? तसे मानणे सोपे होते, आणि कुत्र्यावर माया करणारी माणसे तसे चटकन मानतातही. डार्विनने ते मानले नाही. आपली मुद्रा धन्याला समजेल आणि तो फेरी सोडणार नाही, असा हिशेब कुत्र्याने केला असेल, हे त्याला संभवनीय वाटेना. मन खचले म्हणून अंग खचले, एवढेच त्याने धरले. स्वतःला आवडणाऱ्या गोष्टीवरही चटकन विश्वास ठेवावयाचा नाही, हा त्याचा स्वभाव येथेही दिसून येतो.

कुत्रा शब्दांपेक्षा स्वर ओळखतो, हेही त्याने पुनःपुन्हा करून पाहिले. आपल्या लहान टेरियर कुत्रीला तो उत्सुक आवाजात, कुठे आहे, असे विचारी. काय कुठे आहे, हे त्यात काहीच नसे. पण तो स्वर ऐकताच काहीतरी शिकार आहे असे ती समजे, भोवताली भराभर पाही, जवळच्या झुडपात घुसे, आणि तेथे काही न सापडल्यास खार दिसते काय म्हणून झाडाकडे मान वर करी. कुत्र्याच्या भुंकण्यातही चारपाच निरनिराळे स्वर असतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. पाठलागाचे भुंकणे वेगळे, रागाचे वेगळे. कोंडून घातल्यावरचे रडे वेगळे, फिरावयास निघतानाचा आनंद वेगळा. आणि दार उघडा अशी विनवणी तर अगदीच वेगळी. ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांना हे सारे स्वर ओळखता येतील.

त्याने पाहिलेल्या एका कुत्र्याची एका मांजरीशी मैत्री होती. ती आजारी होऊन टोपलीत पडून असे. तिच्याजवळून जाताना तिला दोनचार वेळा चाटल्यावाचून तो कुत्रा कधी पुढे गेला नाही.

१८५९ साली जातींच्या उत्पत्तीवरील डार्विनचा महान ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि साऱ्या युरोपात खळबळ उडाली. त्या ग्रंथात त्याने माणसाविषयी जवळजवळ काहीच लिहिले नव्हते. तो विषय त्याने १८७१ साली मानवाच्या वंशावरील ग्रंथात हाती घेतला, आणि १८७२ साली 'मनुष्य आणि प्राणी यांतील भावनांचे प्रकटीकरण' या विषयाला वाहिलेला स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. या दुसऱ्या ग्रंथासाठी त्याने जगभरच्या परिचितांना आणि अपरिचितांना १६ प्रश्नांची यादी धाडली होती. आश्चर्य वाटले म्हणजे तुमच्याकडचे लोक डोळे विस्फारतात काय? लाजले म्हणजे चेहरा लाल होतो काय? असे ते प्रश्न. त्याला ३६ जणांची उत्तरे आली. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात काम करणारे स्कॉट नावाचे गृहस्थही उत्तरे पाठविणाऱ्यांत होते. निरनिराळ्या देशांतील माणसांचे हसणे-रडणे पुष्कळ अंशी एकसारखेच असते, असा निष्कर्ष त्याने काढला.

या ग्रंथात कुत्र्यांची दोन चित्रे शेजारी-शेजारी यावीत अशी योजना केलेली आहे. पहिल्या चित्रातला कुत्रा परक्या माणसावर चालून निघाला आहे. त्याचे पाय ताठ, मान किंचित वर, शेपूट उभी आणि ताठर, मानेवरचे व पाठीवरचे केस उभे, कान पुढे आणि नजर रोखलेली. इतक्यात, समजा, त्याच्या ध्यानात आले, की हा परका नव्हे, आपला धनीच आहे! त्याच क्षणी सारे चित्र उलटे होते. अंग खाली झुकते आणि नागमोडी हलू लागते, केस बसतात, कान मागे पडतात, ओठ सैल सुटतात, शेपूट खाली येऊन इकडून तिकडे डोलू लागते. दुसरे चित्र ते हे. ताठ उभे राहण्याचा उपयोग झुंजीत आहे, हे उघड आहे. पण वाकड्यातिकड्या अंगाने लोळण घेण्याचा उपयोग काय? डार्विनचे उत्तर असे, की प्रेम ही रागाच्या उलट भावना आहे, म्हणून शरीरही रागाच्या नेमक्या उलट हालचाली करते. बॉबचा काचघरी चेहराही त्याने याच नियमाचे उदाहरण म्हणून या ग्रंथात घातला. खेड्यातल्या एका घरातील मुलांची थट्टा अशी जगाच्या ग्रंथालयांत जाऊन बसली.

डार्विनच्या पश्चात या विषयाकडे शास्त्रज्ञांचे पुष्कळ वर्षे दुर्लक्ष झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र त्यांनी तो पुन्हा हाती घेतला. माणसाने बोट दाखविले तर कुत्रा त्या दिशेस जातो, हे १९९८ साली प्रयोगांनी दाखविण्यात आले. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये एक मौजेचा प्रयोग झाला. खाऊ चोरल्यावर कुत्रा अपराध्यासारखा तोंड लपवितो, असे आपण म्हणतो. प्रयोगात असे दिसले, की ज्याने खाऊला स्पर्शही केला नाही, तो कुत्राही मालकाने रागे भरताच तसाच चेहरा करतो. म्हणजे तो चेहरा अपराधाचा नव्हता. मालकाच्या रागाला ते उत्तर होते. बॉबविषयी घाईने निष्कर्ष न काढण्यात डार्विनने दाखविलेला सावधपणा येथे आठवतो. २०१५ साली व्हिएन्ना येथे कुत्र्यांना माणसांच्या चेहऱ्यांचे केवळ अर्धे अर्धे भाग दाखविण्यात आले. हसरा चेहरा कोणता आणि रागीट कोणता, हे ती त्यावरूनही ओळखावयास शिकली. रागीट चेहऱ्याच्या चित्राला रागीट आवाज आणि आनंदी चेहऱ्याला आनंदी आवाज ती जुळवितात, हे पुढच्या वर्षी दिसून आले. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असून माणसाच्या संगतीत त्याने किमान १५,००० वर्षे काढली आहेत, असे आता मानले जाते. या दीर्घ सहवासाने त्याचा चेहराही बदललेला दिसतो. भुवईची आतली कड वर उचलणारा एक लहानसा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला वाढलेला असतो, लांडग्यांमध्ये तो जवळजवळ नसतोच, असे २०१९ साली आढळले. कुत्र्याचे डोळे आपल्याला इतके केविलवाणे का वाटतात, याचे एक कारण त्यात आहे.

मुक्या प्राण्याला वेदना आणि भावना असतात हे ज्याला पटले आहे, त्याला स्वस्थ बसणे कठीण जाते. डार्विनचे तसेच झाले. शिकारी रानांतून लोखंडी सापळे लावीत असत, आणि त्यांत सापडलेली जनावरे पाय चिरडलेल्या स्थितीत रात्रभर तडफडत. १८६३ साली डार्विन आणि एमा यांनी या सापळ्यांविरुद्ध एक आवाहन प्रसिद्ध केले. एके दिवशी तो फिरून आला तो पांढराफटक पडलेला होता. वाटेत कोणी एका घोड्याला निर्दयपणे वागविताना त्याने पाहिले होते आणि त्या माणसाशी त्याचा कडाक्याचा वाद झाला होता. एरवी हा गृहस्थ वाद टाळण्याबद्दल प्रसिद्ध!

परंतु एका प्रश्नाने त्याला खरोखर पेचात टाकले. वैद्यकाच्या प्रगतीसाठी जिवंत कुत्र्यांवर आणि इतर जनावरांवर शस्त्रप्रयोग होत असत. ते सर्वस्वी बंद करावेत, अशी चळवळ इंग्लंडात सुरू झाली. ज्याने लहानपणी एका पिल्लाला मारलेले जन्मभर विसरले नाही, तो या चळवळीत सामील होईल, असे कोणासही वाटले असते. पण शरीराचे शास्त्र प्रयोगांवाचून पुढे जाणार नाही आणि त्यावाचून रोगही बरे होणार नाहीत, हेही त्याला दिसत होते. १८७५ साली सरकारी चौकशी मंडळापुढे त्याने साक्ष दिली. प्रयोग सरसकट बंद करू नयेत, परंतु जेथे जनावराला बधिर करता येत असेल तेथे तसे न करता त्याला यातना देणे अत्यंत निंद्य आहे, असा त्याच्या साक्षीचा आशय होता. दोन्ही बाजूंचे लोक त्याच्यावर पुरते खूश झाले नाहीत. पुढच्या वर्षी अशा प्रयोगांवर नियंत्रण घालणारा कायदा झाला.

डार्विनच्या उतारवयातील सोबतीण म्हणजे पॉली, एक पांढरी टेरियर कुत्री. मूळची ती त्याची मुलगी हेन्रिएटा हिची. १८७१ साली हेन्रिएटाचे लग्न झाले आणि पॉलीने डार्विनला आपला धनी मानले. एकदा तिची पिल्ले तिच्यापासून दूर केली गेली. त्यानंतर तिने जणू डार्विनलाच आपले मोठे पिल्लू ठरविले. ती त्याच्या अंगाला लगटून बसे आणि त्याचे हात चाटून चाटून त्याला बेजार करी. तिच्या पाठीवर भाजल्याचा एक डाग होता आणि तेथे पांढऱ्याऐवजी तांबडे केस उगवले होते. तिच्या बापाचा रंग तांबडा होता. आनुवंशाविषयीच्या आपल्या मताला हिच्या पाठीने पुष्टी दिली, म्हणून डार्विन थट्टेने तिची पाठ थोपटी. ते मत पुढे चुकीचे ठरले. पॉलीचा मान मात्र त्यामुळे कमी झाला नाही.

अभ्यासिकेत शेकोटीजवळ तिची टोपली ठेवलेली असे. मधूनच उठून ती खिडकीपाशी जाई आणि बाहेरच्या येणाऱ्याजाणाऱ्यांवर भुंकण्याचे काम आपण होऊन करी. तिला आत घेण्यासाठी आणि बाहेर सोडण्यासाठी डार्विनला लिहिता लिहिता वारंवार उठावे लागे. त्याबद्दल तो कधी त्रासला नाही. नाकावर बिस्किट ठेवून ते झेलावयास लावण्यापूर्वी शहाण्या मुलीसारखे कसे वागावे, हे तो तिला मोठ्या गंभीरपणे समजावून सांगे. जेवणाची वाट पाहत असता धनी जवळून गेला, की ती थरथरू लागे किंवा अगदी बापुडवाणा चेहरा करी. आपली उपासमार होत आहे असे तो म्हणणार, हे जणू तिला आधीच ठाऊक असे.

डार्विन परगावी निघावयाचा असला, की कोणी सांगण्याची वाट पॉली पाहत नसे. अभ्यासिकेत सामान बांधण्याची खुडबूड सुरू झालेली दिसली, की तिचा उत्साह मावळे. तो परत यावयाचा असला म्हणजे खोलीची झाडलोट होई, आणि तेवढ्यावरूनच ती आनंदाने नाचू लागे.

१८८२ सालच्या आरंभापासून डार्विनच्या छातीत वारंवार कळा येऊ लागल्या. वाळूच्या वाटेवरील फेऱ्या थांबल्या. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउन येथील घरी त्याने देह ठेवला. आपल्याला गावच्या चर्चच्या आवारातच मूठमाती मिळेल, असे तो आणि घरची माणसे धरून चालली होती. परंतु देशातील मोठ्या लोकांच्या आग्रहावरून २६ एप्रिल रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याला समाधी देण्यात आली. तो गेल्यानंतर थोड्याच दिवसांत पॉलीही गेली. ती इतकी आजारी झाली, की अखेर तिला यातनांतून सोडविणे भाग पडले. घरच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली तिला पुरले.